यंत्र बदललं, नोंद राहिली

नोव्हेंबरात भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी चालू असते आणि त्याच महिन्यात पेन्शनधारक हयातीच्या दाखल्यासाठी मोहाडी, पवनी, लाखांदूरच्या सेवा केंद्रांवर येतात. २०१४च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' सुरू झालं, तेव्हापासून बोट टेकवून दाखला मिळतो. अंगठा लागला नाही की 'काका, बोटं झिजली तुमची' हे उत्तर ठरलेलं. रोवणीने आणि विळ्याने बोटं झिजतात हे खरंच. पण यंत्राचा दिवाच पेटला नसेल, तर बोटापर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही.

अशा वेळी संगणकात पाहावं. आधारच्या यंत्रासोबत 'आरडी सर्व्हिस' बसवावी लागते. ब्राउझर तिला संगणकातल्याच ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर शोधतो. आधार प्राधिकरणाने 'एल-झिरो'च्या जागी 'एल-वन' यंत्रं आणायला लावली. यांत ठशाचं एन्क्रिप्शन यंत्राच्या आतच होतं. केंद्रचालकांनी नवी यंत्रं घेतली, नवं सॉफ्टवेअर टाकलं. जुन्याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत राहिली असेल, तर संगणक सुरू होताच जुनी सर्व्हिसही चालू होते आणि पोर्ट अडवते. ब्राउझरची गाठ मग तिच्याशीच पडू शकते, आणि तिचं यंत्र तर केव्हाच काढलेलं असतं.

अनेकजण 'प्रोग्राम फाइल्स'मधला फोल्डर डिलीट करून मोकळे होतात. त्याने घोळ वाढतो. अनइन्स्टॉलर बहुधा त्याच फोल्डरात असतो. तो गेला की यादीतलं नाव तसंच राहतं आणि काढायला गेलं की एरर येते.

जबाबदारी एकट्या केंद्रचालकाची नाही. विंडोज इन्स्टॉलरमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरला 'अपग्रेड कोड' असतो. तो सगळ्या आवृत्त्यांत एकच ठेवला, की नवी आवृत्ती जुनीला शोधून काढून टाकू शकते. मात्र जुनी एकाच युजरसाठी आणि नवी सगळ्यांसाठी बसवली असेल, तर नवीला जुनी दिसतच नाही. यादीत एकच नाव दोनदा दिसण्यामागे अनेकदा हेच असतं. इन्स्टॉलर बनवणाऱ्यांनी हे तपासलंच पाहिजे.

फुकटच्या 'रजिस्ट्री क्लीनर'च्या नादी लागू नये. मायक्रोसॉफ्टने स्वतःचं 'विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप' २०१०मध्ये मागे घेतलं, कारण त्याने इतर सॉफ्टवेअरही बिघडू लागली होती. सरळ मार्ग असा: आधी 'सर्व्हिसेस'च्या यादीत जुन्या यंत्राचं नाव आहे का ते बघायचं. असेल तर कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट करायचा. एरर आली तर तीच जुनी आवृत्ती पुन्हा बसवायची, म्हणजे हरवलेला अनइन्स्टॉलर परत येतो, आणि मग ती रीतसर काढायची.