पावसाने घडवलेला मुलूख : न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सायकलमार्ग

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील वानाका गावापासून ग्रेमाउथ या बंदराच्या गावापर्यंत जाणारा स्टेट हायवे ६ सुमारे साडेचारशे किलोमीटर लांबीचा आहे. एवढ्या अंतरात सायकलस्वाराला हिमनद्या, वर्षावन आणि खुला समुद्रकिनारा ही तिन्ही भूदृश्ये भेटतात. काही ठिकाणी तर एकाच दिवसात तिन्ही दिसतात. जगात हिमनद्या पुष्कळ आहेत आणि वर्षावनेही आहेत. पण समशीतोष्ण पट्ट्यात, समुद्रापासून वीस किलोमीटरच्या आत, हिरव्यागार जंगलाला लागून बर्फाची जीभ उतरलेली दिसावी अशा जागा मोजक्याच आहेत. हा शेजार पावसामुळे घडला आहे, आणि तो पाऊस समजून घेतल्याशिवाय या रस्त्याचा स्वभाव कळत नाही.

तास्मान समुद्रावरून बारा महिने पश्चिमेचे वारे वाहतात. किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर सदर्न आल्प्सची तीन हजार मीटरपेक्षा उंच शिखरे त्यांना आडवी येतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जसे रिते होतात, तीच ही प्रक्रिया. मात्र इथे डोंगर कितीतरी उंच आहे आणि पावसाला ऋतूचे बंधन नाही. होकिटिका गावात वर्षाला सुमारे २,९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून थोडे आत, डोंगरउतारावरच्या क्रॉप नदीच्या खोऱ्यात तो दहा हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. डोंगरापलीकडे पर्जन्यछायेत असलेल्या वानाकाला मात्र जेमतेम सातशे मिलिमीटर मिळतो. उंचावर हाच पाऊस बर्फ होऊन साचतो आणि हिमनदी बनते, खाली जंगल पोसतो, आणि मधल्या नद्यांमधून खडी-वाळू वाहून नेत किनारा रचतो.

डोंगर उभा राहण्याचे कारण जमिनीखाली आहे. पॅसिफिक आणि ऑस्ट्रेलियन भूपट्ट यांच्या सीमेवरचा आल्पाइन भ्रंश आल्प्सच्या पायथ्यालगत जवळजवळ सरळ रेषेत जातो. त्याच्या दोन्ही बाजू दरवर्षी पंचवीस ते तीस मिलिमीटर या गतीने एकमेकींच्या बाजूने सरकू पाहतात, आणि पूर्वेकडची बाजू वरही उचलली जाते. या भ्रंशावरचा शेवटचा मोठा भूकंप १७१७ च्या सुमारास झाला. फ्रान्झ जोसेफ गाव थेट या रेषेवर वसलेले आहे.

बहुतेक सायकलस्वार वानाकाहून निघतात, कारण हास्ट खिंडीची पूर्वेकडची चढण सौम्य आहे. वानाका आणि हावेआ या दोन सरोवरांच्या काठाने रस्ता मकारोरापर्यंत जातो आणि तिथून सिल्व्हर बीच वृक्षांच्या जंगलात शिरतो. खिंडीची उंची अवघी ५६४ मीटर आहे. आल्प्स ओलांडणाऱ्या तीन मोटाररस्त्यांपैकी हा सर्वांत सखल. माओरी लोक पाचूसारख्या हिरव्या पौनामू दगडाच्या शोधात या वाटेने ये-जा करत. भूगर्भशास्त्रज्ञ यूलियस फॉन हास्ट १८६३ मध्ये इथून गेला आणि त्याचे नाव खिंडीला चिकटले. खिंडीनंतर उतार एकदम तीव्र होतो. गेट्स ऑफ हास्ट या अरुंद घळीतून नदी घरांएवढ्या खडकांवर आदळत जाते आणि रस्ता तिच्या डोक्यावरून पुलाने पलीकडे जातो. उलट दिशेने येणाऱ्यांना सामान लादलेली सायकल इथे बऱ्याचदा ढकलावी लागते. याच टप्प्यात, डायना फॉल्सजवळ, २०१३ मध्ये प्रचंड दरड कोसळली आणि त्यानंतर दीर्घकाळ रस्ता रात्री बंद ठेवावा लागला. ओल्या उतारावर ब्रेकचे रबर फार लवकर झिजते. जोडीला नवे ब्रेक पॅड बाळगणे ही इथली पहिली शिस्त.

हास्ट नदीवरचा पूल सातशे मीटरपेक्षा लांब आणि एकपदरी आहे. अशा पुलांवर कोणाला आधी जायचे हे फलकावरचे बाण सांगतात : आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचे. वाहतूक भारताप्रमाणे डावीकडून चालते, त्यामुळे भारतीय सायकलस्वाराला वेगळी सवय करावी लागत नाही. पण लांब पुलावर अर्ध्यात असताना समोरून दुधाचा टँकर आला तर मधल्या रुंद जागेत सायकल घेऊन उभे राहणे एवढेच हाती असते. पाठीमागचे दाखवणारा आरसा आणि अंगात भडक रंगाचे जाकीट हवेच. हेल्मेट १९९४ पासून कायद्याने सक्तीचे आहे.

हास्ट गावापासून फॉक्स ग्लेशिअर गावापर्यंतचे सुमारे १२० किलोमीटर हा या प्रवासाचा गाभा आहे. हा भाग १९९० मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या ते वाहिपोउनामू क्षेत्रात येतो. शिप क्रीक इथे समुद्राची गाज ऐकू येते, आणि काही पावलांवर दलदलीत काहिकातेआची झाडे सरळसोट उभी असतात. न्यूझीलंडमधली सर्वांत उंच वाढणारी ही जात. काही वृक्ष साठ मीटरपर्यंत जातात. त्यांच्या बुडाशी पाणी साचलेले असते, खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरी यांचे थरावर थर चढलेले असतात. पाऊस थांबला तरी आत थेंब पडत राहतात. थोडे उंचावर रिमूचे राज्य सुरू होते. त्याच्या बारीक पानांच्या फांद्या ओघळल्यासारख्या खाली लोंबतात. डिसेंबर-जानेवारीत दक्षिणी राता फुलला की डोंगरउतारावर लाल डाग उमटतात. या जंगलातून झिरपलेले पाणी कुजलेल्या पानांच्या टॅनिनमुळे काळ्या चहाच्या रंगाचे होते. फॉक्सजवळच्या मॅथेसन सरोवरात आओराकी आणि तास्मान शिखरांचे प्रतिबिंब इतके स्वच्छ पडते, त्याचे एक कारण हे गडद पाणी.

हा रस्ता फार जुना नाही. खिंडीतून हास्टपर्यंत तो १९६० मध्ये पोहोचला. हास्ट आणि पारिंगा यांच्यामधला दुवा नोव्हेंबर १९६५ मध्ये नाइट्स पॉइंटजवळ जुळला. त्या जागेला रस्त्याच्या सर्वेक्षकाच्या कुत्र्याचे नाव आहे. तोवर दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांना गुरे हाकत जंगलातल्या वाटेने बाजाराला न्यावी लागत. आजही या पट्ट्यात वस्ती तुरळक आहे, दुकाने जवळजवळ नाहीत. खाण्याचे सामान हास्टलाच भरून घ्यावे लागते.

आणि इथेच सँडफ्लाय भेटते. काळी, तांदळाच्या दाण्याहूनही लहान माशी. मादीच तेवढी चावते, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागते. कॅप्टन कुकने १७७३ मध्ये डस्की साउंडमध्ये तिच्या त्रासाची नोंद करून ठेवली आहे. सायकल चालती असेपर्यंत ती गाठू शकत नाही; पंक्चर काढायला थांबले की दोन मिनिटांत घोटे झाकून जातात. अंधार पडला की ती नाहीशी होते. सायकलचा दुसरा शत्रू केआ हा डोंगरी पोपट आहे. त्याची जिज्ञासा अफाट असते आणि रबर, फोम, सीटचे आवरण चोचीने सोलून काढण्यात त्याला विशेष रस असतो. तो धोक्यात आलेला पक्षी आहे. त्याला खायला घालणे टाळावे.

फॉक्स ते फ्रान्झ जोसेफ हे अंतर २३ किलोमीटर, पण मध्ये तीन खडे चढ आहेत. दोन्ही गावांची ओळख असलेल्या हिमनद्या बारा-तेरा किलोमीटर लांबीच्या आहेत. माओरी कथेनुसार हिने हुकातेरेने डोंगर चढण्याच्या आवडीपायी आपल्या प्रियकराला सोबत नेले. हिमप्रपातात तो गेला आणि तिचे अश्रू गोठून फ्रान्झ जोसेफ हिमनदी झाली. या हिमनद्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या वेगात आहे. वर विस्तीर्ण हिमक्षेत्र, खाली अरुंद आणि तीव्र उताराची दरी, म्हणून बर्फ झपाट्याने घसरतो. १९४३ मध्ये फ्रान्झ जोसेफवर कोसळलेल्या एका विमानाचे अवशेष साडेतीन किलोमीटर वाहत साडेसहा वर्षांत हिमनदीच्या टोकाशी आले. म्हणजे दिवसाला सरासरी दीड मीटर.

वेगामुळेच या हिमनद्या हवामानातला बदल थोड्या वर्षांत दाखवतात. १९८० च्या दशकापासून २००८ पर्यंत त्या अधूनमधून पुढे सरकत होत्या. त्यानंतर त्यांची पीछेहाट फार जलद झाली. फ्रान्झ जोसेफवर दरीतून पायी बर्फावर नेणे २०१२ मध्ये बंद झाले, फॉक्सवर २०१४ मध्ये. आता बर्फावर पाऊल ठेवायचे तर हेलिकॉप्टर लागते. बर्फाचा आधार गेलेल्या दरीच्या भिंती ढासळू लागल्या आहेत. फॉक्सच्या दरीत जाणारा रस्ता २०१९ मधल्या दरडींनी आणि पुरांनी कायमचा बंद केला. फ्रान्झ जोसेफच्या गावातून मात्र ते आरा आ वायाउ ही वाट वर्षावनातून हिमदरीच्या वाहनतळापर्यंत जाते आणि तिच्यावर सायकल चालते. तिथून पुढे पायवाट. दूरवर निळसर-राखाडी बर्फ दिसतो, आणि मधल्या उघड्या, नांगरून टाकल्यासारख्या खडकांवरून कळते की तो अलीकडेपर्यंत कुठवर होता.

मार्च २०१९ च्या त्याच पावसात क्रॉप खोऱ्यात ४८ तासांत १,०८६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि फ्रान्झ जोसेफजवळच्या वायहो नदीवरचा महामार्गाचा पूल वाहून गेला. अठरा दिवसांत नवा पूल उभारला, तोवर दोन्ही बाजूंची गावे एकमेकांपासून तुटली होती. हिमनदीने सोडलेल्या खडीने वायहोचे पात्र सतत वर चढत आहे. म्हणून या रस्त्यावर निघताना वेळापत्रकात राखीव दिवस ठेवणे हा सल्ला ऐच्छिक नाही. वायव्येचा जोरदार वारा सुटला आणि हवा उबदार झाली की पाऊस जवळ आला असे समजून मुक्काम लांबवावा. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्यातल्या त्यात बरा काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा अधिक स्थिर असते.

फ्रान्झ जोसेफनंतर रस्ता सखल होतो. मापौरिका सरोवर मागे टाकून डावीकडे तेरा किलोमीटर वळले की ओकारिटो लागते. न्यूझीलंडमध्ये कोटुकू या पांढऱ्या बगळ्याचे एकमेव वीणस्थान ओकारिटोच्या खारकच्छाच्या उत्तरेला आहे, आणि किवींमधली सर्वांत दुर्मीळ जात, रोवी, याच जंगलात टिकून राहिली. १९८५ चे बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या कादंबरीकार केरी ह्यूम इथेच राहत. सायकलस्वाराने एक दिवस द्यावा अशी ही वस्ती आहे. महामार्गावरून सरळ निघून जाणारे बरेच काही गमावतात.

रॉस गावापासून वाटेचे रूप पालटते. १८६४-६५ मधल्या सोन्याच्या लाटेत हा किनारा माणसांनी भरून गेला होता. १९०९ मध्ये रॉसला सुमारे तीन किलो वजनाचा सोन्याचा गोळा सापडला. त्या काळातल्या ट्रामवे, जलवाहिन्या आणि लाकूडतोडीच्या वाटा जोडून वेस्ट कोस्ट वाइल्डरनेस ट्रेल हा सुमारे १३० किलोमीटरचा सायकलमार्ग तयार झाला. २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सायकलमार्ग योजनेचा तो भाग. रॉस, होकिटिका, कुमारा, ग्रेमाउथ असा तो जातो आणि बहुतांश भागात मोटारींपासून दूर राहतो. होकिटिकात पौनामू कोरणाऱ्या कारागिरांची दुकाने आहेत. १९९७ च्या कायद्याने ङाई ताहू जमातीच्या प्रदेशातल्या या दगडाची मालकी तिला परत मिळाली, त्यामुळे खरेदी करताना दगडाचा उगम विचारून घ्यावा.

परदेशातून सायकल नेणाऱ्याने टायर, मडगार्ड, तंबूच्या खुंट्या मातीचा कणही न राहील इतक्या स्वच्छ कराव्यात. विमानतळावर जैवसुरक्षा अधिकारी त्या तपासतात आणि घराबाहेर वापरलेले असे सामान जाहीर करणे बंधनकारक आहे. ज्यांच्याकडे वेळ आहे ते ग्रेमाउथहून उत्तरेला पुनाकाइकीपर्यंत जातात. तिथे चुनखडीचे पातळ थर एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांच्यातल्या विवरांमधून वर उसळतात. बाकीचे ग्रेमाउथला ट्रान्झअल्पाइन रेल्वेत सायकल चढवतात. जागा मर्यादित असते, म्हणून ती आधी राखून ठेवावी लागते. आठ किलोमीटरपेक्षा लांब ओटिरा बोगदा ओलांडून गाडी आल्प्सच्या कोरड्या, पिवळ्या गवताच्या बाजूला उतरते आणि क्राइस्टचर्चला पोहोचते.