तळ्याकाठचे धार आणि डोंगरातले धार

धार म्हटले की तेथे वाढलेल्या आपल्या कुटुंबांच्या डोळ्यांपुढे प्रथम तळीच उभी राहतात. मुंजसागर, गडकालिकेच्या टेकडीलगतचा देवीसागर आणि ‘साडेबारा तलावांचे गाव’ ही जुनी ख्याती! परंतु धार शहर म्हणजे धार जिल्हा नव्हे. २०११ च्या शिरगणतीत जिल्ह्याची वस्ती २१ लाखांवर भरली, त्यांत धार शहरातील माणसे सुमारे ९४ हजार. म्हणजे शंभरांत पुरती पाचही नव्हेत. निम्म्याहून अधिक लोक भिल्ल, भिलाला आदी आदिवासी समाजांचे आहेत. तेव्हा आपला जिल्हा आपण कितीसा ओळखतो, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

जिल्ह्याची जमीन तीन पायऱ्यांची आहे. उत्तरेस धार-बदनावरचे काळ्या मातीचे पठार, मध्ये विंध्याद्रीचा तुटलेला कडा आणि दक्षिणेस मनावर, कुक्षी, धरमपुरीचा नर्मदाकाठ, म्हणजे निमाड. पावसाचे पाणीही तीन वाटांनी जाते. उत्तरेकडचे बरेचसे चंबळेत उतरते; सरदारपूरकडे मिंडा गावाजवळ उगम पावणारी मही खंबायतच्या आखाताला मिळते; मान व उरी या नद्या नर्मदेकडे धावतात.

पठारावर पाणी अडविणे सोपे, म्हणून तेथे तळी झाली व तळ्याकाठी गावे वाढली. मांडूचे पठार समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच. तेथे सुलतानांनी पावसाचे पाणी साठवूनच राजधानी वसविली. जहाजमहाल दोन तलावांमध्ये उभा आहे. उतारावरच्या गावांचे तसे नाही. तेथे पाणी खडकावरून झरझर वाहून जाते आणि उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात. एका पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून कित्येक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातची वाट धरतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे आणि मुलांच्या शाळेचे हाल होतात ते वेगळेच.

हे सर्व मुलूख पूर्वी एका सत्तेखालीही नव्हते. धार व बदनावर पवारांकडे, तर अमझेरा ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होते. १९४८ साली मध्यभारत राज्य झाले तेव्हा हे तुकडे एका जिल्ह्यात आले आणि १९५६ साली तो मध्यप्रदेशात गेला. देवासची कथाही अशीच. थोरली पाती व धाकटी पाती एकत्र आल्या. त्यांना होळकरांचे कन्नोद-खातेगाव आणि शिंद्यांचे सोनकच्छ जोडले गेले. त्यामुळे देवासचा मीठा तलाव आणि नेमावरचा नर्मदाघाट आज एकाच कलेक्टराच्या हद्दीत आहेत.

कागदावर जिल्हा एक होतो, पण अंतर मिटत नाही. डहीकडच्या शेतकऱ्याला कलेक्टर कचेरी गाठावयाची तर शंभराहून अधिक किलोमीटर यावे लागते. एका सहीसाठी दिवसाची मजुरी बुडते. २०१९ साली सरदार सरोवर पूर्ण भरले तेव्हा निसरपूर गाव पाण्याखाली गेले. एका टोकाला तळ्याने गाव वसविले, तर दुसऱ्या टोकाला तळ्यानेच गाव बुडविले!

आपल्यांपैकी पुष्कळांचे पूर्वज राज्यकारभाराच्या निमित्ताने या शहरांत आले. त्यांना तळ्याकाठची सावली लाभली, ती आपणांसही मिळाली. पुढे मुलाबाळांना मांडू दाखवावयास न्याल, तेव्हा महाल पाहून लगेच परतू नका. घाट उतरून खालच्या एखाद्या गावी थांबा, तेथल्या माणसांशी दोन शब्द बोला. विद्यार्थ्यांस साह्य, औषधोपचार, विहिरीचे काम, जे काही आपण करू, त्याची गरज तेथे अधिक आहे. घाटाखालचा गाव आपल्या हिशेबात येईल, तेव्हाच धार जिल्हा आपला झाला असे म्हणता येईल.