शनवार तेली आणि झिओनची वाट

रामनवमीच्या सुमारास वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवीला बंजारा समाजाचा जो लोंढा लोटतो, आणि ज्यात परप्रांतीच्या तांड्यांतून आलेली माणसेही संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे आपल्या गोरबोलीत सुखदुःखे बोलताना आढळतात, तो पाहिला म्हणजे विखुरलेल्या समाजास एखादे केंद्र का लागते हे निराळे सांगावे लागत नाही. तथापि दर्शन घेऊन यात्रेकरू आपल्या तांड्यावर परततो. तेथे राज्य स्थापावे असे त्याच्या मनातही येत नाही. यहुद्यांची जेरुसलेमविषयीची, म्हणजेच झिओनविषयीची, ओढही शतकानुशतके बहुतांशी प्रार्थनेपुरतीच होती. तिचे राजकारण झाले ते युरोपात.

रशियात 1881 पासून झालेल्या कत्तलींनंतर ओडेसाच्या पिन्स्कर या यहुदी विचारवंताने 1882 मध्ये यहुद्यांनी परक्यांच्या मेहेरबानीवर विसंबू नये असे बजावले. आणि सुशिक्षित फ्रान्सातही ड्रेफस या यहुदी लष्करी अधिकाऱ्यावर फितुरीचे कुभांड रचले जाते हे पाहिलेल्या थिओडोर हर्झलने 1896 मध्ये यहुदी राज्याची कल्पना ग्रंथरूपाने मांडून पुढच्याच वर्षी बाझेल येथे पहिली झिओनवादी परिषद भरविली. पॅलेस्टाईनचा मुलूख निर्जन नसून तेथे अरब रयत नांदते आहे, हा इशारा अहाद हाआम या झिओनप्रेमी लेखकानेच 1891 मध्ये देऊन ठेवला होता. तो मनावर घेणारे थोडेच निघाले.

याच बाझेलच्या परिषदेचे आमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएल या यहुदी समाजासही आले होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली उत्पत्ती सांगणारा, कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवीत असल्यामुळे 'शनवार तेली' म्हणून ओळखला गेलेला, किहीमचा किहीमकर आणि दिव्याचा दिवेकर अशी गावांची नावे मिरविणारा, आणि एलिया पैगंबराच्या नावाने पोह्यांचा मलिदा करणारा हा समाज. त्याने ते आमंत्रण नाकारले. पुनरागमन व्हायचे ते ईश्वराच्या हस्ते, अशी त्यांची श्रद्धा होती. मला तर वाटते की या श्रद्धेस पोसणारे आणखी एक कारण होते: शेजाऱ्याच्या द्वेषाची आच कोकणात त्यांना कधी लागलीच नव्हती, आणि जो छळ सोसलाच नाही त्यावरचा उपाय घाईने कोण घेईल?

पुढे काळ पालटला. 1917 च्या बाल्फोर जाहीरनाम्याने झिओनवादास इंग्रजी सत्तेचा आधार मिळाला, आणि 1920 मध्ये मुंबईतही झिओनवादी संघ स्थापन झाला. हिंदी राजकारणात मात्र एकमत नव्हते. यहुद्यांच्या छळाने व्यथित झालेल्या गांधीजींनी 1938 मध्ये 'हरिजन'मधून पॅलेस्टाईनवरील अरबांचा हक्क निःसंदिग्धपणे सांगितला; उलट सावरकरांनी डिसेंबर 1947 मध्ये यहुदी राज्याच्या निर्णयाचे स्वागत करून, पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत देणाऱ्या हिंदुस्थान सरकारला दोष दिला. 1948 मध्ये इस्राएल जन्मास आले, आणि त्या वेळी पेटलेल्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरादारास मुकले. एकाच्या स्वगृही परतण्यातून दुसऱ्याची बेदखली झाली, ही गोष्ट वगळून या चळवळीचा जमाखर्च मांडणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.

स्वातंत्र्योत्तर काळात बेने इस्राएलांपैकी बहुतेकांनी कोकण-मुंबई सोडून इस्राएलची वाट धरली. ती छळामुळे नव्हे. धर्मनिष्ठा, आधी गेलेल्या नातलगांची ओढ आणि नव्या संधी यांचे मिश्रण या स्थलांतराच्या मुळाशी असावे. तेथे वागणूक बरोबरीची मिळत नाही म्हणून काहींनी 1951 मध्ये धरणे धरले व ते मायदेशी परतलेही. परंतु खरा घाव पुढेच होता. ज्यांना रायगडच्या खेडेगावात आपल्या धर्माचा दाखला कोणी मागितला नव्हता, त्यांच्या वंशावळी विवाहनोंदणीपूर्वी पिढ्यान्‌पिढ्या तपासाव्यात, असा आदेश 1962 मध्ये तेथील धर्मपीठाने काढला! निदर्शने झाली, उपोषणे झाली. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच असल्याचा निर्वाळा दिला.

आज दिमोना, अश्दोद, रामला या शहरांतून त्यांचे वंशज राहतात. प्रार्थनेत आणि पोथ्यांत उरलेली हिब्रू ज्या चळवळीने पुन्हा बाजारात व शाळेत बोलती केली, तिच्याच देशात 1985 पासून या लोकांनी एक मराठी नियतकालिक चालविले. त्याचे नाव त्यांनी ठेवले 'मायबोली'.