घरच्या घरी बनवा विद्युतचुंबक

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की मुले घरी सांगतात, "काहीतरी करून न्यायचंय." तयार नमुना विकत आणावा तर खर्च, न आणावा तर मूल हिरमुसते. वाचकहो, आमचे सांगणे एकच. विद्युतचुंबक घरी बनवा. मुलाला बनवायला लावा, मुलीलाही लावा.

ही वस्तू परकी नाही. न्हावरे परिसरात उसाला पाणी देणाऱ्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये ती असते. हिरवे बटन दाबले की कॉईलमधून वीज वाहते आणि लोखंड चुंबक बनून आतल्या पट्ट्या धरून ठेवते. लाईट गेली की पट्ट्या सुटतात. म्हणूनच ऑटो नसेल तर लाईट आल्यावर बटन पुन्हा दाबावे लागते. वीज आहे तोवरच चुंबक!

याचा जनक विल्यम स्टर्जन हा इंग्लंडमधला जोडे बनवायचे काम शिकलेला, पुढे पलटणीत शिपाई झालेला माणूस. विज्ञान तो स्वतःच शिकला. 1825 साली त्याच्या सुमारे 200 ग्रॅम वजनाच्या चुंबकाने 4 किलो वजन उचलले.

साहित्य: 10 सेंटिमीटर लांब व 10 मिलिमीटर जाड साधा लोखंडी बोल्ट, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी 26 नंबरची तांब्याची तार 50 ग्रॅम, टॉर्चचे मोठे 2 सेल, चिकटपट्टी.

कृती: बोल्टला कागदाचा वेढा द्या. वीतभर तार मोकळी सोडून फेऱ्याला फेरा लावून गुंडाळा. एका थरात दीडशेच्या आसपास फेरे बसतात. असे 4 थर द्या. थर मागे फिरला तरी गुंडाळण्याची दिशा एकच ठेवा. निम्मे फेरे उलटे पडले तर एकमेकांचा जोर मारतात. तारेवर लाखेसारखा लेप असतो. दोन्ही टोकांवरचा लेप पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर वीज जाणारच नाही. सेल एकामागे एक लावून टोके जोडा आणि टाचण्या मोजा.

आता ताकदीचा हिशेब. फेरे गुणिले विजेचा प्रवाह, एवढेच सूत्र. पण त्याच सेलवर फेरे दुप्पट केले की तार लांबते आणि प्रवाह निम्मा होतो. गुणाकार तिथेच! सेल कमी तापतो, हा मात्र फायदा. जोर वाढवायचा तर सरळ बोल्टऐवजी यू बोल्ट घ्या, दोन्ही पायांवर तार गुंडाळा, दोन्ही टोके कानशीने सपाट करा आणि त्यांवर सपाट लोखंडी पट्टी बसवा. दोन्ही टोके मिळून ओढतात. मध्ये नुसता कागद ठेवला तरी पकड ढिली पडते. हे मुलांना करून दाखवा.

मायबहिणींनो, एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. तार घरातल्या प्लगमध्ये कधीही घालू देऊ नका. तिथे 230 व्होल्ट असतात, जीव जातो. ट्रॅक्टरची किंवा मोटारसायकलची बॅटरीही नको. तार लाल होऊन हात भाजतो. सेलवरसुद्धा एका वेळी 10 सेकंदच जोडा, मग थंड होऊ द्या.

प्रदर्शनात परीक्षक विचारतील, "हे कसं चालतं?" विकत आणणारा गप्प राहील. स्वतः 600 फेरे मोजलेली आपली पोर मात्र मान वर करून उत्तर देईल.