यंत्राची लेखणी आणि कर्त्याचे नाव

विषय सांगावा आणि संगणकाने क्षणार्धात निबंध, गीत वा चित्र पुढे ठेवावे, हे आता आपल्या घराघरांत घडू लागले आहे. या कृत्रिम बुद्धिमत्तेने स्वामित्वहक्काच्या, म्हणजे बोलीतल्या कॉपीराइटच्या, कायद्यापुढे दोन प्रश्न उभे केले आहेत. यंत्र जे वाचून शिकले ते कोणाचे? आणि यंत्राने जे लिहिले ते कोणाचे?

प्रथम मूळ सूत्र पाहू. १९५७ चा आपला कायदा कल्पनेला नव्हे, तर ती ज्या शब्दांत, सुरांत वा रेषांत मांडली त्या मांडणीला संरक्षण देतो. समतेवर गीत कोणीही रचावे. दुसऱ्याचे गीत मात्र आपल्या नावावर खपवू नये. हा हक्क निर्मितीबरोबरच जन्मतो. नोंदणीची सक्ती नाही. वसतिगृहातील विद्यार्थ्याने हस्तलिखितासाठी लिहिलेल्या कवितेलाही तो लाभतो. कर्त्याच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे तो टिकतो.

आता पहिला प्रश्न. यंत्र घडवताना त्याच्यापुढे अफाट मजकूर ठेवला जातो आणि कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचा हिशेब ते त्यातून शिकते. हे वाचन आहे, नक्कल नव्हे, असे कंपन्या म्हणतात. त्यासाठी आमच्या मजकुराची प्रत करावीच लागते आणि ती आम्हांला न विचारता केली जाते, असे लेखक-प्रकाशकांचे म्हणणे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला तो याच मुद्द्यावर. कायद्याचे कलम ५२ वैयक्तिक अभ्यास, संशोधन, समीक्षा आणि अध्यापन यांना सवलत देते. यंत्राच्या शिक्षणालाही ती लागू होते काय, हा त्या दाव्यातील कळीचा प्रश्न आहे.

दुसऱ्या प्रश्नावर अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निर्णय दिला, की कृतीचा कर्ता मनुष्यच असला पाहिजे. आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने, संगणकनिर्मित कृती घडवून आणणारी व्यक्ती तिचा कर्ता, असे म्हटले आहे. मात्र तेव्हा आजची यंत्रे नव्हती. एका ओळीची आज्ञा देणारा ‘घडवून आणणारा’ ठरतो काय, हे त्या शब्दांतून उलगडत नाही.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. लोककवी वामनदादा कर्डक यांचे निधन २००४ मध्ये झाले. त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत टिकणार आहे. उलट, बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांची मुदत २०१६ अखेर संपली. ते ग्रंथ आता कोणीही छापू शकतो. परंतु मुदत संपली म्हणून त्यांच्या नावावर वाटेल ते वाक्य खपवण्याची मुभा मिळत नाही. यंत्र त्यांच्या धाटणीचे वाक्य सहज रचते, आणि ते कोणत्याही ग्रंथात सापडत नाही.

कलम ५७ प्रमाणे स्वामित्वहक्क विकला तरी कृती आपली म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. जलशांतील कितीतरी गीते तोंडोतोंडी आली आणि वाटेत रचणाऱ्यांची नावे गळून पडली. ज्याचे नाव नोंदलेले नाही, त्याची दखल यंत्र घेणार नाही आणि न्यायालयातही त्याच्या बाजूने पुरावा उरणार नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे. घरातील जुनी गाणी, वह्या, ध्वनिफिती जगापुढे ठेवण्यापूर्वी त्यांवर रचणाऱ्याचे व गाणाऱ्याचे नाव आणि साल लिहावे. बाबासाहेबांचे वचन देताना ग्रंथ व पृष्ठ पडताळावे. मुलांनी यंत्राची मदत घेतली तर तसे सांगण्याची सवय त्यांना लावावी. न्यायालयांचे निर्णय येत राहतील. नावे जपण्याचे काम मात्र आपल्याला आजच करता येईल.