खिसा की बटवा?

ज्याला काम नाही त्याची गरिबी सर्वांना दिसते. रोज कामावर जाणाऱ्याची गरिबी मात्र झाकलेली राहते. घरात पगार येतो, पण खाणारी तोंडे जास्त असली की पंधरवड्यातच तो संपतो. मालक पगार देतो तो कामाचा. घरी मुले किती, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ही तूट सरकारने भरून काढायची, तर पैसे घरात कुणाच्या हाती द्यायचे? नवऱ्याच्या खिशात की बायकोच्या बटव्यात? ब्रिटनमध्ये हा वाद कित्येक वर्षे गाजला.

आईच्या हाती पाच शिलिंग

एलिनॉर रॅथबोन यांनी १९२४ मध्ये 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हे पुस्तक लिहून मुलांसाठीचा भत्ता थेट आईला मिळावा, अशी मागणी केली. पुढे त्या खासदार झाल्या. १९४५ मध्ये भत्त्याचे विधेयक आले, पण त्यात पैसे वडिलांना देण्याची तरतूद होती. तसे झाले तर आपण विरोधात मत देऊ, असे रॅथबोन यांनी बजावले. आयुष्यभर ज्यासाठी झगडले, त्याच्याच विरोधात! अखेर सभागृहाने आईच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. ते पाहायला रॅथबोन मात्र नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे निधन झाले होते.

पुन्हा तोच प्रश्न

हा भत्ता सर्वांसाठी होता. कमी पगारावर राबणाऱ्या कुटुंबांसाठी १९७१ मध्ये वेगळी योजना आली. सरकारने ठरवलेली रक्कम आणि घरचे उत्पन्न यांत जेवढा फरक, त्याच्या निम्मे पैसे मिळत. १९८८ मध्ये तिची जागा 'फॅमिली क्रेडिट'ने घेतली. ही मदत पगाराच्या पाकिटातूनच द्यावी, असा सरकारचा आधी विचार होता. त्याला विरोध झाला आणि जोडप्यांमध्ये ती आईलाच मिळू लागली. १९९९ मध्ये आलेल्या नव्या योजनेत मदत पुन्हा पगाराकडे वळली, तर २००३ मध्ये मुलांचा वाटा मूल सांभाळणाऱ्याकडे आला. २०१३ पासून हळूहळू लागू झालेल्या 'युनिव्हर्सल क्रेडिट'मध्ये साऱ्या घराची मदत सहसा एकाच खात्यात जमा होते. नवऱ्याच्या धाकात असलेल्या बाईची त्यामुळे कोंडी होते, अशी तक्रार तेथे आहे.

पैसे कुणाच्याही हाती आले तरी घरातच खर्च होणार ना, असे कुणी म्हणेल. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये वडिलांना मिळणारी मुलांवरची करसवलत बंद होऊन तेच पैसे भत्ता म्हणून आईकडे जाऊ लागले. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या अर्थतज्ज्ञांनी त्या काळातील घरखर्चाचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढल्याचे त्यांना आढळले.

आपल्याकडे

आपल्याकडे अलीकडच्या योजनांनी बटव्याची बाजू घेतली आहे. पश्चिम बंगालमध्ये २०२१ मध्ये 'लक्ष्मीर भांडार', मध्य प्रदेशात २०२३ मध्ये 'लाडली बहना' आणि महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' सुरू झाली. महाराष्ट्रात वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील बायकांसाठी महिना १,५०० रुपये ठरले. इतक्याने संसार चालत नाही. पण पोराची वही किंवा स्वतःचे औषध घेताना कुणापुढे हात पसरावा लागत नाही, हे थोडे नव्हे.

मात्र खाते तिच्या नावावर असले म्हणजे पैसे तिच्या हाती आले, असे नाही. पासबुक सासूच्या कपाटात आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असेल, तर तो बटवा नावालाच तिचा! म्हणून पासबुक स्वतःजवळ ठेवावे, कार्डाचा गुप्त क्रमांक कुणाला सांगू नये आणि पैसे काढायला शक्यतो स्वतः जावे. सरकार पैसे खात्यापर्यंत पोहोचवते. तिथून बटव्यापर्यंतची वाट घरातूनच जाते.