चिंकारा किती लांब? तीन गुंठे!

इंदापूर तालुक्यात वरकुटे बुद्रुक आहे आणि वरकुटे खुर्दही आहे. कोणत्याही वरकुट्याच्या बांधावर सकाळी कासराभर दिवस वर आला की उभे राहा. समोरच्या माळावरची एखादी बाभळ दाखवून पाच जणांना विचारा, "ही इथून किती लांब?" पाच जण पाच आकडे सांगतील आणि पाचही जण छातीठोकपणे सांगतील! आता बाभळीच्या जागी चिंकारा हरीण आहे आणि हातात धनुष्य आहे, अशी कल्पना करा. पूर्वीच्या शिकाऱ्यापुढं पहिला प्रश्न नेमाचा नसायचा, अंतराचा असायचा.

याचं कारण साध्या गणितात आहे. रिकर्व्ह धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण 60 मीटर जातो. म्हणजे 30 मीटर गाठायला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला जवळजवळ सव्वा मीटर खाली ओढतं. म्हणून नेम जनावराच्या तेवढा वर धरून बाण सोडावा लागतो. पण जनावर 30 ऐवजी 35 मीटरवर असेल तर? तिथं पोचेपर्यंत ही ओढ 1 मीटर 67 सेंटिमीटरवर जाते. फरक पडला सुमारे 44 सेंटिमीटरचा. चिंकाऱ्याची खांद्यापर्यंतची उंचीच 65 सेंटिमीटरच्या आसपास असते! अंदाज पाच मीटरनं चुकला की छातीवर धरलेला नेम खुरांपाशी मातीत जातो. कप्पी लावलेल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला 90 मीटरच्या घरात पळतो, तरी तीच चूक 20 सेंटिमीटरची पडते.

त्यात हरणाचे कान. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 30 मीटरवर दोरीचा टणत्कार सेकंदाच्या अकराव्या भागात पोचतो. बाण अजून वाटेतच असतो आणि हरीण उडी घ्यायला खाली दबलेलं असतं.

मग अंतर मोजायचं कशानं? शेतकऱ्याच्या डोक्यात पट्टी तयारच असते. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. एक बाजू जवळपास 10 मीटर! तीन गुंठे एका ओळीत मांडा, झाले 30 मीटर. उसाचं रान असेल तर आणखी सोपं. साडेचार फुटी सरी असली की 22 सऱ्या म्हणजे 99 फूट, पुन्हा तेच तीन गुंठे. आडव्या सऱ्या मोजत नजर पुढं सरकवायची, बस्स. माळावर सऱ्या नसतात, पण तीन गुंठ्यांची सवय झालेली नजर तिथंही तीच पट्टी टाकते.

एनसीसीच्या कॅडेटना नेमकं हेच शिकवतात. तिथं पट्टी शंभर यार्डांची असते. अंतर फार असेल तर निम्म्यावरची खूण धरायची आणि दुप्पट करायची. नाहीतर 'यापेक्षा कमी नाही' आणि 'यापेक्षा जास्त नाही' असे दोन आकडे धरून मधला घ्यायचा. मला सगळ्यांत आवडते ती पद्धत म्हणजे तुकडीतल्या प्रत्येकाला अंदाज विचारायचा आणि सरासरी काढायची. बांधावरच्या त्या पाच जणांचं भांडण असं मिटतं!

डोळा फसतो तो ठरावीक जागी. मध्ये ओढा किंवा खोलगट ओघळ आली, ऊन आपल्या पाठीमागून थेट जनावरावर पडलं, किंवा मधली जमीन एकसारखी सपाट असली, की जनावर आहे त्यापेक्षा जवळ वाटतं. तेच जनावर बाभळीच्या सावलीत बसलेलं असलं, किंवा कुसळी गवतातून नुसती मान दिसत असली, की लांब वाटतं. टेकाडावरून खाली बघताना आणखी एक गंमत आहे. बाणाची घसरण ठरते ती आडव्या अंतरावर. 30 अंशांच्या उतारावर 40 मीटर खाली असलेलं लक्ष्य बाणाच्या हिशेबात 35 मीटरवरच असतं.

आता हात पुढं करा. हात ताठ धरून करंगळी आडवी करा. उभा चिंकारा खुरांपासून खांद्यापर्यंत करंगळीच्या जाडीएवढा दिसला, तर तो साधारण 35 ते 40 मीटरवर आहे. करंगळीच्या निम्मा दिसला, तर अंतर दुप्पट. दुसरी युक्ती अंगठ्याची. एक डोळा मिटून अंगठा चिंकाऱ्यावर धरा, मग डोळा बदला. अंगठा बाजूला सरकलेला दिसेल. आडव्या उभ्या चिंकाऱ्याचं अंग सुमारे मीटरभर लांब असतं. अंगठा तसे तीन चिंकारे मावतील एवढा सरकला, तर अंतर तिनाच्या दहापट, म्हणजे 30 मीटर. कारण आपला हात दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या जवळपास दहापट लांब असतो.

कालिदासाचं शाकुंतल सुरू होतं ते अशाच शिकारीच्या प्रसंगानं. दुष्यंत रथातून हरणामागं लागलाय. खडबडीत जमिनीवर सारथी लगाम खेचतो तेव्हा हरीण लांब जातं. मग रथ भरधाव सुटतो आणि राजाला लांब-जवळ हा फरकच जाणवेनासा होतो. बाण सुटणार एवढ्यात तपस्वी आडवे येतात. हरीण वाचतं.

अंतर ठाऊक असलं की माणूस काय करू शकतो, ते साताऱ्यात शिकलेल्या दोघांनी 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत दाखवलं. 17 वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. 50 मीटरवरून 15 बाण, प्रत्येक बाण 8 सेंटिमीटरच्या वर्तुळात! पण तिरंदाजीचा एक प्रकार असाही आहे की फोमची हरणं-डुकरं रानात उभी करतात आणि अंतर सांगतच नाहीत. अंतर मोजायचं यंत्रही चालत नाही. फक्त डोळा. शिकारीतलं हे सगळं कसब तिथं जिवंत आहे आणि रक्ताचा थेंब सांडत नाही.

खऱ्या चिंकाऱ्यावर मात्र बाण नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची कैद आहे. त्याला बघायला बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघं 5.14 चौरस किलोमीटरचं. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचं माळरान आहे. तिथं जा, करंगळी धरा, अंदाज बांधा. चिंकाऱ्याची काळी शेपटी सतत हलत असते, तोवर ठीक. तो थबकला, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढला, की त्यानंही तुमचं अंतर मोजलंय आणि ते त्याला कमी वाटलंय. तिथूनच मागं फिरा.